पाय पाहून अंथरूण

आपल्या घरात माणूस आजारी पडला की त्याला सगळे काही विचारतात. पेज खाणार की मुगाची खिचडी, खिडकी उघडी ठेवू की लावून घेऊ, औषध वैद्याचे आणू की डॉक्टरचे, या सर्व बाबतींत त्याचे मत घेतले जाते. एकच गोष्ट कोणी विचारीत नाही : तुला निजायला काय हवे? दिवसाचे आठ-दहा तास, आणि दुखणे बळावले तर वीस तास ज्या वस्तूशी त्याची गाठ पडायची, ती वस्तू घरातील वडीलधारे ठरवतात, दुकानदार ठरवतो, प्रसंगी शेजारचे काकाही ठरवतात. या रीतीविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या अंकात हे गादीपुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण घराघरांतल्या गाद्या उन्हात पडतात आणि बाजारात नव्या गाद्यांवर सवलतीच्या पाट्या लागतात त्या याच दिवसांत. तेव्हा विषय प्रसंगाला सोडून नाही.

मी बोलणार आहे ते एका आजारापुरते. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे वेष्टन असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने बाळगलेली फौज या आजारात उलटते आणि मेंदूतले व मज्जारज्जूतले हे वेष्टनच कुरतडू लागते. मग निरोप वाटेत अडखळतात. डोळा अंधुक होतो, पाय जड होतो, बोटे बधिर होतात. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले नीटस वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. हे गोऱ्या लोकांचे दुखणे, आपल्याकडे कुठले, असे समजणाऱ्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना विचारावे. तेथील मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून याच रुग्णांसाठी काम करते आहे. आणि मी पनवेलची आहे, शाळेत शिकवते, आणि हा आजार मला आहे.

या आजाराची रात्र निरोगी माणसाच्या रात्रीसारखी नसते. दिवसा कसेबसे ताब्यात असलेले पाय आडवे झाल्यावर ताठरतात, पोटऱ्यांना पेटके येतात. कूस बदलायची तर ती झोपेत आपोआप बदलत नाही. जागे व्हावे लागते, ठरवावे लागते, कोपर रोवावे लागते, कंबर उचलावी लागते. लघवीची घाई लागते आणि ती थांबत नाही, म्हणून रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. ज्यांची कातडी बधिर झाली आहे, त्यांना एकाच जागी भार पडल्याचे कळतही नाही आणि व्रण पडतो. एवढे सगळे ज्या पृष्ठभागावर घडते ती गादी. कोणतीही गादी हा आजार बरा करीत नाही, आणि तसे सांगणारा दुकानदार भेटला तर सरळ घरी यावे. पण रात्री कुणाला हाक न मारता उठता येते की नाही, हे मात्र पुष्कळदा गादीवरच ठरते. हाक मारावी न लागणे म्हणजे काय, हे ज्याला हाक मारावी लागते त्यालाच ठाऊक!

आता आपल्याकडचे पहिले शास्त्र : अंथरूण जितके कडक तितके चांगले. आमच्या आजीने घोंगडीवर जन्म काढला, हा त्याचा पुरावा. आजीचा मान ठेवून मी म्हणते, आजीच्या पायांना हुकूम पाळायची सवय होती. माझ्यांची ती मोडली आहे. साध्या कंबरदुखीपुरते पाहिले तरी हे शास्त्र टिकत नाही. स्पेनमध्ये ३१३ माणसांवर केलेली पाहणी २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. जुनाट कंबरदुखीच्या त्या रुग्णांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक मानवली. ती पाहणी माझ्या आजाराची नव्हे. पण ‘कडक ते उत्तम’ हा दाखला देणाऱ्यांच्या हातातून ती काठी काढून घेते. कडक फळीवर खांदा, माकडहाड आणि टाच यांवरच सारा भार येतो, आणि बधिर कातडीला त्याची फिर्याद करता येत नाही.

दुसरे टोक म्हणजे दुकानातील ‘मेमरी फोम’. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता १९६६ साली तयार झालेला हा फेस आता पनवेलच्या बाजारातही मिळतो. त्याचा गुण असा की अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा साचा घेतो. भार सगळीकडे वाटला जातो, हे खरे. कित्येकांना तो सुखाचा वाटतो, हेही खरे. पण साच्यात बसलेल्या माणसाला साच्यातून निघायचे बळ लागते. माझ्यासारखीला तो खळगा म्हणजे विहीर!

शिवाय उष्णतेचा प्रश्न आहे. या आजारात अंग तापले की वेष्टन गेलेल्या तंतूंतून निरोप आणखीच मंदावतो. पूर्वी यंत्रे नव्हती तेव्हा रोग ओळखण्यासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत असत. नरकचतुर्दशीचे कढत पाण्याचे अभ्यंगस्नान मी सोडले ते नास्तिकपणाने नव्हे, त्यानंतर मला न्हाणीघरातून बाहेर येता येत नाही म्हणून. अंग निवले की ही अवस्था ओसरते. पण ऊब धरून ठेवणाऱ्या गादीवर, मे महिन्यातल्या पनवेलच्या दमट रात्री, ते निवावे कसे? हे सांगायला मी तोंड उघडले तर एका दुकानातील गृहस्थ माझ्याकडे न पाहता यजमानांना म्हणाले, “साहेब, वहिनींना हीच घ्या, ऑर्थोपेडिक आहे.” कोणत्या अस्थिवैद्याने ती पाहिली, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी किंमत सांगितली.

मग उत्तम गादी कोणती? असे उत्तर मी देणार नाही, कारण ते नाहीच. कापसाची गादी हवा खेळती ठेवते. पण आपल्या पावसाळ्यात ती ओल धरते, तिच्यात गाठी होतात आणि वरचेवर पिंजून घ्यावी लागते. काथ्या आणि रबर यांची गादी थंड आणि घट्ट. तिच्यावर वळणे सोपे, पण हाडे टेकणाऱ्या जागी वर पातळ मऊ थर हवा. शुद्ध रबराची दाबली की लगेच उसळी घेते, म्हणून कूस बदलणाराला हात देते. पण ती महाग. पंपाने आळीपाळीने फुगणारी हवेची गादी, ज्याला स्वतः वळता येत नाही त्याच्या उपयोगाची. ज्याला वळता येते त्याला ती डळमळीत जमिनीसारखी वाटते, आणि तिला वीज लागते. म्हणजे ज्याचे पाय तसे त्याचे अंथरूण. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खर्चासाठी ठीक आहे. आजाऱ्यासाठी ती उलटी केली पाहिजे. पाय पाहून अंथरूण घ्यावे.

आणि ते पाहायचे कसे? ज्याला निजायचे त्याला दुकानात न्यावे, तेही दमलेल्या वेळी, सकाळच्या उमेदीत नव्हे. गादीवरचे प्लास्टिक काढायला लावावे. दुकानदाराने घड्याळ पाहिले तरी अर्धा तास पडून राहावे. डावीकडे वळावे, उजवीकडे वळावे, उठून काठावर बसावे. काठ दबून माणूस घसरतो का? बसल्यावर तळपाय जमिनीला पुरते टेकतात का? हे पलंगाच्या उंचीवरही असते, आणि ती सुताराकडून थोड्या खर्चात कमी-जास्त करून मिळते. ज्याला दुकानात जाता येत नाही त्याच्यासाठी आधी परतीची बोली करावी आणि मग गादी घरी आणावी. यात नखरा कुठला?

नखरा म्हणणाऱ्यांना मी भीष्मांची आठवण देते. शरशय्येवर पडलेल्या पितामहांची मान लोंबकळत होती. राजेलोक मऊमऊ उशा घेऊन धावले. या शय्येला या उशा शोभत नाहीत म्हणून त्यांनी त्या परत केल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण मारून मानेला आधार दिला. एवढ्या मोठ्या रणांगणावर एका माणसाला कळले की उशी कशी हवी हे पडलेल्यालाच विचारायचे असते. त्या राजांची माया खोटी नव्हती. पण मायेने आणलेली वस्तू उपयोगाची असतेच असे नाही.

राजांवरून सरकार आठवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद घेतली, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. ठीक झाले. पण आरोग्यविम्याच्या कागदांना जी ‘न मिळणाऱ्या’ खर्चांची यादी जोडलेली असते ती एकदा वाचून पाहावी. पाण्याच्या वा हवेच्या बिछान्याचा आकार तिच्यात, बाळाचे खाणे आणि सौंदर्यप्रसाधन यांच्या पंक्तीला, बसवला आहे. व्रण पडून रुग्णालयात दाखल झाले तर विमा त्याचा विचार करील. व्रण पडू नये म्हणून घेतलेली गादी मात्र चैन! हा हिशेब कोणी केला असेल तो केलेला असो, तो बदलला पाहिजे, आणि विम्याचे हप्ते भरणाऱ्या प्रत्येक घराने तो बदलायची मागणी केली पाहिजे.

तोवर आपल्या हातातले तरी करावे. या पाडव्याला घरच्या आजाऱ्यासाठी गादी घ्यायचा कुणाचा बेत असेल, तर ती गुपचूप आणून त्याला चकित करू नये. त्याला आधी विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकावे. गादीचे पैसे कोणी द्यायचे ते घराने ठरवावे. गादी कोणती, ते तिच्यावर निजणाराने.