आजची पारडी, उद्याची म्हैस



म्हैस व्याली की घरातल्या सर्वांचे लक्ष चरवीकडे लागते. रेडकाला पान्हा सुटण्यापुरते आचळाला लावायचे, लगेच ओढून दावणीला बांधायचे आणि पुढे मोठ्या जनावरांचा उरलासुरला कडबा टाकायचा, हा रिवाज अजून पुष्कळ गोठ्यांत दिसतो. असे रेडकू जगले तरी पोट सुटते, केस राठ होतात, वाढ खुंटते. ती पारडी माजावर यायला चार-चार वर्षे लावते आणि तोवर तिची वैरण आपणच भरतो. वाचवलेले दूध असे दामदुपटीने फेडावे लागते.

अंगावर मांस चढते ते प्रथिनांमुळे. कडब्यात प्रथिने शेकडा ३-४ एवढीच असतात. लहान रेडकाचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्यामुळे कडबा त्याला पचतही नाही. म्हणून पहिली प्रथिने दुधातूनच मिळाली पाहिजेत.

जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. वार पडण्याची वाट पाहू नका. पहिला महिना वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध द्या. म्हणजे ३० किलोच्या रेडकाला रोज ३ लिटर. पुढे ते हळूहळू कमी करावे.

पंधराव्या दिवसापासून मूठभर आंबोण तोंडाला लावा. १०० किलो आंबोणासाठी प्रमाण असे: मक्याचा भरडा ४२ किलो, शेंगदाणा पेंड ३५ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो, क्षारमिश्रण २ किलो, मीठ १ किलो. यात प्रथिने शेकडा २० च्या वर बसतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत रोज किलोभर आंबोण खाईल असे बेताने वाढवीत न्या. सोबत कोवळा, सुकवलेला लसूणघास आणि स्वच्छ पाणी ठेवा.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. बुरशी आलेली शेंगपेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातले विष काळजावर, म्हणजे यकृतावर उतरते. सरकी पेंड मोठ्या जनावराला चालते, पण तिच्यातील गॉसिपॉल लहान रेडकाला बाधते. आणि युरिया टाकलेले खाद्य किंवा वैरण सहा महिन्यांच्या आतील रेडकाला कदापि देऊ नका.

रेडकांना गोलजंत आईच्या दुधातूनच होतात. पोटात जंत असले तर पेंडीचा पैसा त्यांच्याच घशात जातो. दहा-पंधरा दिवसांचे झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजा.

खाल्लेले अंगी लागते का, हे टेपने पाहा. छातीचा घेर इंचात मोजून त्याच आकड्याने गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ४० इंच, लांबी ३३ इंच असेल तर वजन सुमारे ८० किलो. चार महिन्यांच्या पारडीला एवढे वजन चांगले. महिन्याला १२ ते १५ किलो भर पडली पाहिजे. पडत नसेल तर आधी आंबोण पाहा, मग जंत.

गोठ्याची राखण बहुधा घरच्या लक्ष्मीकडेच असते. ताई, हा आकडा दर महिन्याला गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. बाजारातून आणलेल्या म्हशीची खोड घरी आल्यावर कळते. घरच्या पारडीची सात पिढ्यांची माहिती आपल्यापाशी असते. तिला पहिले सहा महिने पोटभर द्या, ती पुढे चरवी भरील.