कट्ट! झाली कंबर मोकळी?

सहावा-सातवा महिना लागला की कंबर बोलायला लागते. लोकलमध्ये उभं राहवत नाही, ऑफिसच्या खुर्चीत बसवत नाही आणि रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं हेच रडगाणं असतं. त्यावर उत्तर काय मिळतं? गायनॅक म्हणते, ‘नॉर्मल आहे.’ सासूबाई म्हणतात, ‘आम्ही नाही का काढले दिवस?’

आपल्याकडची गंमत बघा. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांची वाडी, फोटोसेशन. बाळ झाल्यावर सव्वा महिना मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. पण हा सगळा डोलारा जिच्यावर उभा, त्या कंबरेकडे नऊ महिने कुणी ढुंकून बघत नाही!

मग फोनवर एक रील येतं. पोटुशी बाई टेबलावर कुशीवर झोपलेली, कुणीतरी हळूच दाब देतो, ‘कट्ट’ आवाज येतो आणि बाई खुदकन हसते. हेच ते कायरोप्रॅक्टिक.

माझी एक मैत्रीण, आयटीतली, सातवा चालू. ती अशाच एका क्लिनिकमध्ये जाऊन आली. म्हणाली, ‘अगं, चाळीस मिनिटं त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. नक्की कुठे दुखतं, हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. बरंही वाटलं. पण आता वीस सेशन्सचं पॅकेज घ्या म्हणतायत. घेऊ का?’

प्रश्न तिच्या पाठीचा होता आणि पोटातल्या बाळाचाही. म्हणून मी जरा खोलात शिरले.

कायरोप्रॅक्टिक सुरू झालं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये, 1895 साली. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी ते काढलं. मणका जागेवर आणला की बरेचसे आजार बरे होतात, असा त्यांचा दावा. आज अमेरिकेत या मंडळींना लायसन्स लागतं, ब्रिटनमध्ये 1994च्या कायद्याने त्यांचं कौन्सिल आहे. भारतात त्यांच्यासाठी असं वेगळं सरकारी कौन्सिल नाही. म्हणजे इथे पाटी बघून भागत नाही. शिक्षण कुठे, किती वर्षांचं, गरोदर पेशंट हाताळायचं ट्रेनिंग आहे का, हे आपणच तोंड उघडून विचारायचं.

आता तो ‘कट्ट’. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हेच! सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. कॅनडातल्या संशोधकांनी 2015मध्ये बोटं मोडताना एमआरआय काढून हे दाखवलं. त्यात गरोदरपणी रिलॅक्सिनसारख्या हार्मोन्समुळे सांध्यांचे बंध आधीच सैल होतात आणि पोटाच्या वजनाने कंबरेचा बाक वाढतो. अशा शरीराला जोरदार झटका नकोच. जाणकार कायरोप्रॅक्टर पोटावर दाब न देता, हलक्या हातानेच काम करतात. मानेला झटका मात्र अजिबात देऊ देऊ नका. रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत.

मग फायदा होतो का? 2015च्या कॉक्रेन आढाव्यात 34 चाचण्या आणि पाच हजारांवर गरोदर बायका होत्या. व्यायामाने कंबरदुखी कमी होते, असं त्यात दिसलं, पण तो पुरावाही फार भक्कम नव्हता. हातांच्या उपचारांनी काहींना आराम पडू शकतो, पण ते एकेकट्या अभ्यासांवरून. थोडक्यात, एखाद्या सेशनने बरं वाटू शकतं. वीसच्या पॅकेजला मात्र आधार सापडत नाही. मी मैत्रिणीला तेच सांगितलं.

‘बाळ पायाळू असेल तर फिरवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर मात्र तिथून उठा. त्याला ठोस पुरावा नाही. बाळ बाहेरून फिरवायची पद्धत प्रसूतितज्ज्ञांकडे असते. साधारण 36-37व्या आठवड्यानंतर, हॉस्पिटलमध्ये, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत. तरीही ती निम्म्या वेळाच जमते.

त्यापेक्षा गायनॅकला विचारून चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ऐकून घेणं, तपासणं, व्यायाम शिकवणं, सगळं तिथे मिळतं. घरी मार्जारासन, झोपताना कुशीवर आणि गुडघ्यांमध्ये उशी, खुर्चीत कंबरेमागे छोटी उशी, पायाखाली स्टूल, अर्ध्या तासाने एक फेरी. हाय हील्स कपाटात! पेल्व्हिक बेल्ट घ्यायचा तर फिजिओकडूनच बसवून घ्या.

आणि हे कंबरदुखी समजून अंगावर काढू नका: रक्त किंवा पाणी जाणं, थांबून थांबून येणारी कळ, ताप, लघवीला जळजळ, पाय बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. अशा वेळी फिजिओ नाही, कायरोप्रॅक्टर नाही, थेट हॉस्पिटल.

बाकी, पुढच्या चेकअपला सोनोग्राफीच्या फाईलवर एक चिठ्ठी चिकटवा. ‘डॉक्टर, कंबर दुखते. नॉर्मल आहे हे कळलं, आता त्यावर करायचं काय?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. तसंही, पटकन उठता कुठे येतंय!