‘खाली या’ ही परवानगी आहे, हमी नव्हे

रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की कुलाबा, खांदेरी-उंदेरी, जंजिरा आणि कान्होजी आंग्र्यांची गलबते डोळ्यांसमोर येतात. या थ्रेडमध्ये मात्र जरा मान वर करून पाहू. २०२५च्या डिसेंबरपासून उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली आहेत. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला देशावरून येऊन सह्याद्री ओलांडावा लागतो आणि मग समुद्रसपाटीच्या चिंचोळ्या पट्टीत उतरावे लागते. डोंगर मागे पडण्याआधीच विमान खाली आले तर काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलिटालियाचे डग्लस डीसी-८ सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. पुढे ते रोमला जायचे होते. सांताक्रूझशी बोलणे सुरू झाले, उतरण्याची परवानगी मिळाली. अखेरच्या मिनिटांतले संभाषण आउटर मार्करवर, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या रेडिओ-खुणेवर, फेरी घेऊन उतरण्याविषयी होते. प्रत्यक्षात विमान मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला, जुन्नरच्या डोंगरांवर होते. सुमारे ३६०० फूट उंचीवर ते डोंगराला धडकले. विमानात ९४ माणसे होती. एकही वाचले नाही.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. दिक्चालनात चूक झाली, आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले आणि तो वेळेआधी खाली आला. उपलब्ध साधनांनी स्थान पडताळले नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली, आणि या मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नव्हती, अशी तीन साहाय्यक कारणेही नोंदवली गेली.

निष्कर्ष खोटा नाही. पण ‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल मिटवणे हा इतिहासाचा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विचारण्याजोगा प्रश्न पुढेच आहे: नियंत्रकाशी सतत बोलत असलेला माणूस डोंगरावर उतरू लागतो आणि दोन्हीकडे कोणालाच काही खटकत नाही, हे घडते कसे?

उत्तर परवानगी या गोष्टीच्या स्वरूपात आहे. रडारविना चालणाऱ्या नियंत्रणात विमान कोठे आहे हे नियंत्रकाला वैमानिकच सांगतो. त्या माहितीवर विसंबून नियंत्रक उतरायला परवानगी देतो. वैमानिक ती ऐकतो आणि खालच्याने आपल्याला उतरू दिले, अर्थी आपण योग्य जागी आहोत, असे मनाशी धरतो. त्याचीच चूक अधिकृत शब्दांचा पोशाख घालून त्याच्याकडे परत येते! आणि नियंत्रकाचा मुख्य हेतू असतो दोन विमाने एकमेकांवर आदळू नयेत हा. डोंगराचा विचार वैमानिकाने करायचा असतो.

आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल अंधारात केवळ अंदाजावर होडी हाकत नाही. खांदेरीचा दिवा १८६७ पासून तेवढ्यासाठीच उभा आहे. वेळ आणि वेग यांवरून काढलेले स्थान हे अनुमान असते. दुसऱ्या खुणेशी जुळले तरच ते खरे. (परवानगीने स्थान सिद्ध होत नाही याचा बिनमृत्यूचा पुरावाही मुंबईतच आहे: २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर चाके टेकली. त्याआधी १९५३ साली बीओएसीचे कॉमेटही असेच जुहूला उतरले होते.)

आता त्या अपघाताकडे वळू, ज्याच्या नावाने दर जानेवारीत आपल्या टाइमलाइनवर कटकारस्थाने फिरतात. २४ जानेवारी १९६६. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’, बोइंग ७०७, बैरूतहून जिनिव्हाला येत होते. विमानात ११७ जण होते. त्यांत तुर्भ्याच्या अणुकेंद्राचे निर्माते डॉ. होमी भाभा. दोन व्हीओआर ग्राहकांपैकी एक बंद होता, त्यामुळे स्थान ताडून पाहण्याचे एक साधन कमी. बाहेरचे स्पष्ट दिसत असेल आणि ढगांच्या माथ्याच्या हजार फूट वरून जाता येत असेल तरच १९,००० फुटांच्या खाली या, अशी नियंत्रकाची अट होती. वैमानिकाने कळवले की आपण मों ब्लांच्या बाजूने पुढे जात आहोत. रडारवर नियंत्रकाला चूक दिसली. तो म्हणाला, ‘मों ब्लांपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत.’ वैमानिकाने ‘रॉजर’ म्हटले आणि विमान खाली आणले. सुमारे ४७५० मीटर उंचीवर ते पर्वतावर आदळले.

फ्रेंच चौकशीने नेमके यावर बोट ठेवले: नियंत्रकाची दुरुस्ती पुरेशा काटेकोर शब्दांत नव्हती, म्हणून तिचा गैरसमज झाला. ‘तुम्ही अजून शिखर ओलांडलेले नाही’ हे वाक्य कोणी उच्चारले नाही. कटाच्या कथेला एक खलनायक लागतो आणि तो सापडला की ती तृप्त होते. मला मात्र हे न उच्चारलेले वाक्य कोणत्याही हेरापेक्षा अधिक भयंकर वाटते, कारण ते पुन्हा घडू शकते.

घडलेही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान ‘अप्रोचची परवानगी’ मिळाल्यावर १८०० फुटांकडे उतरले. त्या परवानगीत उंचीची मर्यादाही आली, असे वैमानिकांनी मानले. नियंत्रकाच्या लेखी ती जबाबदारी वैमानिकांची होती. मधल्या डोंगरावर ९२ जण गेले. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान त्याच वाटेवर थोडक्यात बचावले होते, पण ती गोष्ट इतर कंपन्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती! यानंतर अमेरिकेत जमीन जवळ येताच इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले, आणि १९७६ साली वैमानिकांना न घाबरता चुका कळवता याव्यात अशी व्यवस्था नासाकडे सोपवली गेली.

नियम आजही बऱ्याच अंशी तोच आहे. नियंत्रक रडारवर पाहून स्वतः दिशा देत असेल तेव्हा डोंगरापासूनच्या अंतराची काळजी तो घेतो. एरवी ती वैमानिकाचीच. म्हणून उतरण्याच्या नकाशावर विमानतळाभोवतीच्या प्रत्येक भागाची किमान सुरक्षित उंची छापलेली असते. जुन्नरच्या त्या रात्रीही ती ठरलेली होती.

पुढचा थ्रेड अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवर. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून ती कुलाब्याहून १९०४ साली आपल्या किनाऱ्यावर आली, आणि होकायंत्राची सुई किती ढळते याची नोंद तेव्हापासून तेथे होत आहे.