दगडाची साक्ष आणि पुस्तकावरची कात्री

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या जमिनीत डायनासोरची हाडे सापडतात आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावे! 2005 साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विष्ठेच्या दगडात गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनासोरच्या काळी गवत नव्हते, असा तोवर जगभर समज होता. दगडाने वेगळी साक्ष दिली, ती तपासली गेली आणि जुने मत सोडून द्यावे लागले. कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कोणी बहिष्कार टाकला नाही. याला विज्ञान म्हणतात.

ही साक्ष लिहिली कशी जाते? नदी गाळ आणते, थरावर थर बसतात, वरच्या वजनाने खालचा गाळ घट्ट होऊन त्याचा खडक बनतो. उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना, वरचा नवा. गाळात लवकर गाडला गेलेला जीव कुजून नाहीसा होत नाही. त्याच्या हाडांत खनिजे शिरतात आणि जीवाश्म तयार होतो. लगतच्या लाव्हाचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजता येते, त्यावरून थराचा काळ ठरतो. पिसदुऱ्याचे थर सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या घरात आहे.

ही वही वाचायला शिकवली कोणी? इंग्लंडमधील एका लोहाराच्या मुलाने! विल्यम स्मिथ कालव्यांच्या कामावर मोजणीदार होता. खोदकामात प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच असतो, हे त्याने पाहिले. 1815 साली त्याने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. लंडनच्या सरदारी विद्वानांनी त्याला दूर ठेवून आपला वेगळा नकाशा काढला. 1819 साली कर्जापायी तो तुरुंगात गेला. त्याच विद्वानांच्या संस्थेला 1831 साली त्याला पदक द्यावे लागले. मातीत हात घालणाऱ्याचे ज्ञान नाकारायचे आणि नाइलाज झाला की गौरवायचे, ही रीत सातासमुद्रापलीकडेही होती.

चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींत आपले बाप-भाऊ राबले. तो कोळसा 25 कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा आहे. त्या काळच्या ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीची पाने भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथील खडकांत मिळतात. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीच्या सामानातही तेच पान असलेले दगड निघाले. हे सारे भूभाग एकेकाळी एकत्र होते. त्या महाखंडाला जगाने नाव दिले गोंडवाना. गोंडांच्या भूमीचे नाव जगाच्या विज्ञानात कोरले गेले, हे किती गोंड मुलांना शाळेत सांगितले जाते?

सांगणे दूरच, 2023 साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. उत्तर मिळाले, बारावीत हा विषय आहेच. आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी! दहावीनंतर कला शाखेत किंवा आयटीआयला जाणाऱ्या, कामाला लागणाऱ्या मुलामुलींचे काय? त्यात कोणाची मुले जास्त असतात, हे वाचकांना सांगायला नको. कात्री सर्वांच्या पुस्तकावर चालली, पण जखम त्यांना झाली.

सगळे सजीव एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत, असे हे थर सांगतात. कोणी मुखातून आणि कोणी पायातून जन्मला, याचा पुरावा एकाही थरात नाही. हे ज्याला दहावीत कळले, त्याला जन्माच्या उच्चनीचतेची थाप पचवणे अवघड जाते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम 51-क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. ते पुस्तक छापणाऱ्यांनाही लागू आहे.

पुस्तकातून पान फाडता येते, जमिनीतून थर फाडता येत नाही. शाळेने सांगितले नाही तर आपण सांगू. वस्तीतल्या अभ्यासिकेत एक रविवार या विषयाला द्या. मुलांना नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात न्या, नदीकाठचे थर दाखवा. आणि त्यांना एवढेच विचारायला शिकवा: पुरावा कुठे आहे?