साखरेचा आकडा हाती आला, पुढे काय?

मधुमेह हा बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग आहे, हा समज आपल्या वस्त्यांत अजूनही पक्का आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, तर १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. आईच्या पोटातच उपाशी राहिलेले, वजनाने कमी असलेले बाळ अंगात चरबी मात्र राखून असते आणि त्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, असे त्यातून दिसले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचीही किंमत आपणच मोजायची!

खुद्द बाबासाहेबांना या रोगाने ग्रासले होते. पण माईसाहेबांच्या रूपाने त्यांच्या घरात डॉक्टर होत्या. कर्जत तालुक्यातील कोंडाण्याच्या मजुराला हा आधार कोठून मिळणार? तपासणीसाठी कर्जत गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून त्याच्या नशिबी येते ते जयंतीचे आरोग्य शिबीर. तेथे बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि हातात चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर आकडा असतो, पण शेवटचे जेवण कधी झाले याची नोंद नसते. अशा आकड्याने एकाला उगाच धास्ती बसते, तर दुसरा उगाच निर्धास्त होतो.

समाजबांधवांनी हे नीट समजून घ्यावे. बोटातून केलेली तपासणी ही केवळ चाळणी आहे. निदान शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होते. किमान आठ तास उपाशी राहिल्यावर साखर १०० च्या आत असावी. १२६ वा अधिक असल्यास मधुमेह समजावा. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ती १४० च्या आत असावी. २०० वा अधिक म्हणजे मधुमेह. मधले आकडे हा इशारा आहे. एचबीए१सी ही चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. तीत ५.७ च्या आत ठीक, ६.५ वा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर शिक्कामोर्तब न करता तपासणी पुन्हा करावी. मात्र खूप तहान, वारंवार लघवी, वजनात घट ही लक्षणे असतील आणि कोणत्याही वेळी साखर २०० च्या वर आली, तर एक दिवसही दवडू नये.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भातील आपल्या समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत सिकलसेल आढळतो, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही.

तपासणी ही कुणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात स्पष्ट केले. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहासाठी तपासणी करणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून शासकीय आरोग्य संस्थांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले. पण फुकट तपासणीसाठी मजुरी गमवावी लागत असेल, तर ती फुकट कशी?

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडावा : तपासणी वाडी-वस्तीवर, सकाळी कामाला जाण्याआधी व्हावी आणि ज्याचा आकडा वाढलेला आहे त्याचे नाव आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत चढून औषध सुरू होईपर्यंत पाठपुरावा व्हावा. शिबीर भरवणाऱ्यांनी चिठ्ठीवर जेवणाची वेळ लिहावी आणि पुढे कुठे जायचे तेही लिहावे. शिबिराचे यश किती जणांचे बोट टोचले यावर मोजू नका. किती जणांचे औषध सुरू झाले, ते मोजा.