बिअर चढायलाच हवी का?

खडकीत वाढलेल्या माणसाला दारूचं अप्रूप नसतं. माजी सैनिकांचा कॅन्टीनचा कोटा आणि पाहुणा आला की कपाटातून निघणारी रम आमच्याकडे नित्याची. बिअरला मात्र एकच मोजमाप होतं : चढते किती? 'स्ट्राँग' आणायची, बर्फासारखी गार करायची, संपवायची. चवीबद्दल कुणी बोललं तर आम्ही हसायचो.

माझं हसू थांबलं ते गव्हाच्या बिअरमुळे. पहिल्याच घोटाला पिकल्या केळ्याचा वास आला, मागून लवंग. "यात इसेन्स टाकता का?" मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, "नाही साहेब, यीस्टचा वास आहे." घरी येऊन वाचलं, तर तो खरंच सांगत होता.

मग 'क्राफ्ट' म्हणजे काय?

बिअरला मुळात चारच गोष्टी लागतात : मोड आणून वाळवलेलं जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं, यीस्ट आणि पाणी. गव्हाच्या बिअरमध्ये जवासोबत गहूही येतो. मोठ्या कारखान्यांत अनेकदा तांदूळ, मका किंवा साखर घालून चव हलकी करतात. मग बिअर गाळून, पाश्चराइझ करून महिनोन्‌महिने टिकवतात. त्यात गैर काही नाही. एकाच ब्रँडची बाटली पुण्यात आणि कोल्हापुरात सारखीच लागायला हवी ना! क्राफ्ट बिअर थोड्या प्रमाणात बनते, बहुधा न गाळता, आणि लवकर संपवावी लागते. घरचं ताक आणि पाकिटातलं ताक, एवढा हा फरक.

खडकीला हे नवं आहे असंही नाही. 1817च्या लढाईनंतर इथे छावणी वसली आणि गोऱ्या सैनिकांना बिअर हवी होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत. बिअर टिकावी म्हणून तीत हॉप्स जास्त घालत. 'इंडिया पेल एल' हे नाव त्याच व्यापारातलं, जरी सामान्य सैनिक जास्त करून काळी पोर्टरच प्यायचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीकिन कंपनीने खडकीतच ब्रुअरी चालवली. हे मीकिन बर्टन-ऑन-ट्रेंटच्या बिअरवाल्या घराण्यातले आणि बर्टन म्हणजे त्या पेल एलची पंढरी.

देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक, 'डूलाली', 2009 साली पुण्यातच सुरू झाली. हे नाव आपल्या देवळालीचं! मायदेशी परतायच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकलेले सैनिक वेडे होत म्हणे. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

परवडतं का?

माझ्या मित्राचा आक्षेप साधा आहे. एका ग्लासच्या पैशात वाइन शॉपमधून दोन स्ट्राँग येतात. हिशेब बरोबर आहे आणि म्हणूनच हा शौक मुंढवा, कोरेगाव पार्कातच अडकला. पण हा हिशेब नशेचा झाला, बिअरचा नाही. गव्हाच्या बिअरचा एक ग्लास मला तासभर पुरतो. मे महिन्यात तीच, पावसात कांदाभजीबरोबर काळी स्टाउट. आयपीए पहिल्यांदा कारल्यासारखी कडू लागली, तिसऱ्यांदा आवडली.

क्राफ्टच्या नावाने सगळंच गोड मानायचं कारण नाही. आंब्याचं सरबत वाटावं अशा 'हापूस बिअर' मी अर्ध्यावर सोडल्या आहेत. काही स्टाउट बाजारातल्या स्ट्राँगपेक्षाही कडक असतात आणि चव छान म्हणून अल्कोहोल कमी होत नाही. एकवीसच्या आत बिअर नाही, पिऊन गाडी नाही, हे इथेही तसंच. मी रिक्षाने जातो, रिक्षाने येतो.

माझी मागणी एवढीच : प्रत्येक मेन्यूकार्डावर अल्कोहोलचं प्रमाण आणि बिअर कधी तयार झाली ती तारीख ठळक छापा. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण वाचतोच. इतके पैसे मोजणाऱ्याला ग्लासातली बिअर ताजी आहे की दोन महिन्यांची, हे विचारायला का लागावं?