लाल, पिवळा, हिरवा
जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात २००४ मध्ये ज्याचं काम सुरू झालं, ते ‘नाइम’ (KNIME) हे माहिती-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मला आवडतं ते त्याच्या दिव्यांमुळे. त्यात कामाची प्रत्येक पायरी म्हणजे पडद्यावरची एक चौकट: फाइल वाचणारी एक, नको त्या ओळी गाळणारी दुसरी, आलेख काढणारी तिसरी. माउसने ओढून आणायच्या आणि रेषेने जोडायच्या. प्रत्येकीखाली सिग्नलसारखे दिवे: लाल म्हणजे मांडणी अपुरी, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे काम झालं. मधल्या कुठल्याही हिरव्या चौकटीवर थांबून तिथवरचा तक्ता उघडून पाहता येतो, आणि माझ्या लेखी खरं मोल याचंच. उलट, स्प्रेडशीटमधली ओळ कुठे पुसली गेली, याचा मागमूसही बहुधा राहत नाही. संशोधक विद्यार्थ्यांनो, निष्कर्षासोबत चौकटींची ही सगळी साखळीही मार्गदर्शकांपुढे ठेवा.